मदत हवी आहे: ४,२९,४९,६७,२९७ चे अवयव दहावीतल्या मुलीला कसे समजावू?

मंडळी, भाचीला अभ्यासक्रमाबाहेरचं थोडं गणित शिकवतेय आणि गाडी या एका संख्येवर अडलीय. ४,२९,४९,६७,२९७ म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. ३, ५, १७, २५७, ६५,५३७ (२ च्या १, २, ४, ८, १६ व्या घातात १ मिळवून येणाऱ्या संख्या) यांच्यामागोमाग हीसुद्धा मूळ संख्याच असणार, असं गणितज्ञ फर्माला वाटत होतं. १७३२ मध्ये ऑयलरने तिचे अवयव पाडले: ६४१ × ६७,००,४१७.

६४१ ने भाग जातो हे तिला पटलं. ६४१ = ५ × १२८ + १ आणि ६४१ = ६२५ + १६, एवढ्यावरून भागाकार न करताच ते सिद्ध होतं. फार देखणी सिद्धता आहे!

अडचण पुढेच आहे. या संख्येचा प्रत्येक मूळ अवयव ६४ च्या पटीपेक्षा १ ने मोठा असतो, म्हणून १९३, २५७, ४४९, ५७७ तपासून झाले की थेट ६४१ च येतो. २ च्या घातांना ६४१ ने भागत गेलं की ६४ व्या पायरीला बाकी पहिल्यांदा १ येते, इथवर तिने स्वतः वहीत मांडून पाहिलं. पण म्हणून ६४० ला ६४ ने भाग जायलाच हवा, हे कसं दाखवू? फर्माचं छोटं प्रमेय (मूळ संख्या p ने भाग न जाणाऱ्या संख्येच्या p − १ व्या घाताला p ने भागलं की बाकी १ उरते) तिला अजून माहीत नाही. नुसत्या बाक्यांचे गट पाडून समजावता येईल का? कुणी शिकवलं असेल तर कृपया पायऱ्यांसकट सांगा.