अनुभव धागा: जपानी ऋतुभोजन आणि सोबतीला त्याच गावची साके

जपानमध्ये दुपारचे कैसेकी, म्हणजे एकामागून एक पदार्थ येत राहणारे ऋतुमानाचे जेवण, आपण त्या गावच्या साकेसह, म्हणजे तांदूळ आंबवून केलेल्या दारूसह, घेतले असेल, तर तो अनुभव येथे लिहावा. गाव आणि महिना अवश्य नमूद करावेत, कारण त्यांवाचून त्या ताटाचा अर्थ लागत नाही. सुरुवात मीच करते.

क्योतो (फुशिमी), एप्रिल

क्योतोच्या दक्षिणेला असलेले फुशिमी ही साके बनवणाऱ्यांची जुनी पेठ. तेथील गोकोनोमिया देवळातल्या झऱ्याचे पाणी लोक आजही बाटल्यांत भरून नेतात. कोबेच्या बाजूच्या नादा भागातील पाण्याच्या मानाने फुशिमीचे पाणी मृदू असल्यामुळे आंबण्याची क्रिया संथ चालते आणि साके मऊ उतरते; त्यावरून ‘नादाची साके पुरुषी, फुशिमीची बायकी’ असे तिकडे म्हणतात. (असे पहिल्यांदा म्हणणारे पुरुषच असावेत.)

जेवणात मनात राहिली ती वाकाताकेनी, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब आणि वाकामे हे समुद्री शेवाळ एकत्र शिजवलेली वाटी. वाढणाऱ्या बाईंनी सान्शोचे इवलेसे पान एका तळहातावर ठेवून दुसऱ्या हाताने त्यावर हलकी टाळी दिली आणि मगच ते कोंबांवर ठेवले. त्या टाळीने पानाचा वास मोकळा होतो. सान्शो आपल्या तिरफळाच्याच कुळातला. माझे माहेर रत्नागिरीचे, त्यामुळे तो वास नाकात शिरताच मला बांगड्याची आमटी आठवली आणि हातातली गार साके क्षणभर परकी वाटली.

क्योतो, जुलै

तिरफळावरून वाम मासा आठवला! गिओन उत्सवाच्या दिवसांत क्योतोत हामो खातात, तो आपल्या वामेचाच भाऊबंद. त्याच्या मांसात बारीक काटे इतके असतात की कातडी अखंड ठेवून, साधारण ३ सेंटिमीटरच्या लांबीत २४ काप देता आले तरच आचारी मुरलेला, असे मानतात. सुरी चालताना येणारा खर्रखर्र आवाज आमच्या बाकापर्यंत ऐकू येत होता. उकळत्या पाण्यात बुडवताच तुकडा पांढऱ्या फुलासारखा उमलला. उमे या आंबट जपानी फळाच्या चटणीसोबत तो खाल्ला आणि वर थंडगार गिन्जो साके प्यायलो. गिन्जोसाठी तांदूळ घासून घासून त्याचा जास्तीत जास्त ६० टक्के भागच ठेवतात, हे तेव्हा कळले. माझा पेला मीच भरू लागलो, तेव्हा यजमानांनी बाटली हळूच काढून घेतली. तेथे एकमेकांचा पेला भरण्याची रीत आहे.

क्योतो, ऑक्टोबर

माझा पहिला अनुभव कडवटच आहे. आम्ही शाकाहारी असल्याचे आगाऊ कळवूनही एका उपाहारगृहात आलेल्या प्रत्येक वाटीत कात्सुओ माशाच्या सुकवलेल्या पापुद्र्यांची दाशी, म्हणजे स्वादासाठी काढलेले सार, होती. माशाचा तुकडा नाही म्हणजे मासे नाहीत, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. दुसऱ्या दिवशी शोजिन र्योरी, म्हणजे बौद्ध मठांच्या परंपरेतले जेवण, घेतले. त्यातली दाशी कोंबू शेवाळ आणि शिताके अळंबीची असते. तिळाचे गोमादोफू तर खरवसाइतके मऊ होते. तेथे साके मागण्याचा संकोच वाटला. परंतु जुन्या काळी भिक्षू साकेला लाडाने ‘हान्न्यातो’ म्हणत, हे नंतर समजले. हान्न्या म्हणजे आपली प्रज्ञा, तेव्हा हा झाला प्रज्ञेचा काढा!

कानाझावा, नोव्हेंबर

येथे कोबाको, म्हणजे खेकड्याची मादी, ६ नोव्हेंबरपासून जेमतेम डिसेंबरअखेरपर्यंत मिळते. आतली केशरी अंडी आणि बाहेरची दाणेदार अंडी, दोन्ही त्याच कवचात रचून आणली होती. कवच रिकामे झाल्यावर त्यातच ऊन साके ओतून घेतली. भात आला की साके थांबते, असा तेथील संकेत आहे. वाढणाऱ्या आजी भाताची हंडी घेऊन दारात आल्या, तेव्हा आमच्या कवचांत दोन-दोन घोट उरले होते. आम्ही हात जोडून त्यांना जरा थांबण्याची विनंती केली.