'सर्वशक्तिमान' : या शब्दाचं अनेकवचन अर्थाला पेलतं का?

"ते दोघेही सर्वशक्तिमान होते" असं वाक्य वाचनात आलं आणि तिथेच अडखळले. व्याकरण ठीक आहे. संस्कृतातल्या 'सर्वशक्तिमत्'चं हे पुल्लिंगी रूप, स्त्रीलिंगी 'सर्वशक्तिमती'. पण बुद्धिमान दहा जण असू शकतात. 'सर्व' लागल्यावर दोघांना तरी जागा उरते का?

प्रतिसाद
नाही उरत. योगसूत्र १.२४ वरच्या व्यासभाष्यात, म्हणजे पतंजलींच्या त्या सूत्रावरच्या जुन्या टीकेत, नेमका हाच मुद्दा आहे: दोन ईश्वर सारख्याच तोलाचे आहेत असं धरा. एकाच वस्तूबद्दल एकाच वेळी एक म्हणाला 'ही नवी होवो', दुसरा म्हणाला 'ही जुनी होवो'. एकाचं खरं झालं की दुसऱ्याची इच्छा अडली, म्हणजे तो उणा ठरला. दोघांचं एकदम खरं होणार नाही. तिथला शब्द 'प्राकाम्य', म्हणजे इच्छेआड काहीही न येणं. ब्रह्मसूत्र ४.४.१७ च्या भाष्यात शंकराचार्यही हेच धरून बोलतात: मुक्तांना, म्हणजे मोक्ष मिळालेल्या जीवांना, बाकी सगळं ऐश्वर्य, जगाचा कारभार मात्र नाही. नाहीतर एकाला जग राखावंसं वाटायचं, दुसऱ्याला मोडावंसं.

प्रतिसाद
यात भांडण गृहीत धरलंय. दोघेही सर्वज्ञ आणि पूर्णपणे भले असतील तर मतभेद होईलच कशाला?

प्रतिसाद
ताई, मला वाटतं भांडणाची गरजच नाही. 'मान' हा प्रत्यय शक्ती जवळ असल्याचं सांगतो, ती वापरल्याचं नव्हे. तेव्हा एवढंच विचारा: पहिल्याने मनात आणलं तर तो दुसऱ्याला अडवू शकेल का? 'हो' म्हटलं तर दुसरा सर्वशक्तिमान नाही. 'नाही' म्हटलं तर पहिला नाही. ते युगानुयुगं गुण्यागोविंदाने राहिले तरी उत्तर बदलत नाही.

यावर एक भक्कम आक्षेप आहे आणि तो टाळू नये. चौकोनी वर्तुळ काढता न येणं ही कुणाची कमतरता मानत नाहीत, कारण तसं काही असूच शकत नाही. मग 'ज्याला अडवता येत नाही त्याला अडवणं' हेही त्याच जातीचं, आणि ते न जमल्याने कुणी उणा ठरत नाही.

तरीही मला हे पटत नाही. चौकोनी वर्तुळ कुणालाच जमत नाही. इथे मात्र वस्तू नवी करणं एरवी सहज जमणारं काम आहे, ते अडतं फक्त दुसऱ्याच्या इच्छेमुळे. ज्याच्या प्रत्येक कृतीला दुसऱ्याचा होकार लागतो, त्याला 'कर्तुम् अकर्तुम् अन्यथाकर्तुम् समर्थ' (करायला, न करायला, वेगळंच करायला समर्थ) कसं म्हणायचं? आणि दोघांची इच्छा वेगळी असूच शकत नसेल, तर त्यांना दोन का मोजायचं, हेही सांगावं लागेल.

प्रतिसाद
वापरापुरतं: अनेक देव असलेल्या कथेत 'महापराक्रमी' किंवा 'बलाढ्य' लिहावं. एकाच क्षेत्रात एखाद्याचा शब्द अखेरचा असेल तर 'सर्वेसर्वा' आहेच. दोन क्षेत्रांचे दोन सर्वेसर्वा खुशाल असू शकतात.