इन्सुलिनच्या सिरिंजचा घोळ होता होता वाचला

नवी_सिस्टर: नागपूरला धंतोलीत मेडिसिन वॉर्डात लागून तीनच महिने झाले. काल नाईटला २० युनिट रेग्युलर इन्सुलिन द्यायचं होतं, वायल (बाटली) ४० ची, म्हणजे एका मिलीत ४० युनिट, आणि ट्रेमधी सिरिंज केशरी टोपीची, भरूनही घेतली मी, तेवढ्यात पेशंटची बायको म्हणते, सिस्टर, रोज तर लाल टोपीची असते ना? हातपायच गळाले बाप्पा. दिलं असतं तर किती गेलं असतं?

जुनी_सिस्टर: केशरी म्हणजे १०० वाली, मिलीला १०० युनिटच्या वायलसाठी; लाल म्हणजे ४० वाली. तिच्यावर २० ची खूण म्हणजे ०.२ मिली, ४० च्या वायलमधून फक्त ८ युनिट गेले असते, शुगर चढली असती. उलटं झालं तर खरी भीती, १०० ची वायल अन् लाल सिरिंज, २० च्या खुणेला ५० युनिट! पेशंट सरळ हायपोत, म्हणजे शुगर एकदम खाली. टोपीवर भरवसा नको, वायलवरचा आकडा अन् सिरिंजवरचा आकडा दोन्ही मोठ्यानं वाच, दुसऱ्या सिस्टरला दाखव.

रामदासपेठ_आयसीयू: आणि भरून ट्रेत ठेवू नको बिना लेबलची. आमच्याकडं औषध काढताना कोणी फोन दिला तरी घेत नाही, नातेवाईक चिडतात, चिडू दे.

नवी_सिस्टर: इन्चार्जला सांगू का? दिलं तर नाही ना.

जुनी_सिस्टर: सांग न वं. ती केशरी सिरिंज त्या ट्रेत आली कुठून ते तरी कळंल, उद्या दुसरी कोणी उचलून राहील.