प्रतिसाद: मॉडेल ३ – बूस्ट की परफॉर्मन्स?

टेस्लाच्या मॉडेल ३ या इलेक्ट्रिक गाडीच्या प्रकारांत लाँग रेंज आणि त्याहून वेगवान परफॉर्मन्स असे दोन आहेत. लाँग रेंजवर वेग पकडण्याची क्षमता वाढवणारा अ‍ॅक्सिलरेशन बूस्ट घेतला की परफॉर्मन्सची गरजच नाही, हे मत मला अर्धंच पटतं. २०१९च्या डिसेंबरात बूस्ट दोन हजार डॉलरला आला तेव्हा ताशी ० ते ६० मैल वेग गाठायचा वेळ ४.४ वरून ३.९ सेकंदांवर आला. रोजच्या रस्त्यावर एवढं भरपूर झालं. पण तो नुसता सॉफ्टवेअरचा बदल आहे. परफॉर्मन्सचे मोठे ब्रेक आणि ट्रॅक मोड (रेसच्या ट्रॅकवर चालवण्यासाठीची सेटिंग) त्यात मिळत नाहीत, त्यामुळे ट्रॅकवर जाणाऱ्याने परफॉर्मन्सच घ्यावी.

या चर्चेत चाकांबद्दल कुणीच बोललेलं नाही. परफॉर्मन्सची २० इंची चाकं रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये जाणारं अंतर, खातात: २०२०च्या मॉडेलला ईपीएचा (अमेरिकेची सरकारी पर्यावरण संस्था) आकडा २९९ मैल, लाँग रेंजला ३२२. शिवाय टायरची कडा बारीक, खड्ड्यात रिम वाकायची भीती जास्त. हिवाळ्यानंतर रस्ते उखडणाऱ्या गावात राहत असाल तर माझं मत ठामपणे लाँग रेंज आणि बूस्टलाच.