कोरड्यास म्हणजे नक्की काय?

कृष्णाकाठ: एका पाककृतींच्या पुस्तकाचं इंग्रजीतून भाषांतर करतेय. त्यात 'साइड डिशेस' असं प्रकरण आहे. कुस्करलेला बटाटा, वाफवलेला घेवडा, कोबीची कोशिंबीर, असे साधे पदार्थ. मी शीर्षक दिलं 'कोरड्यास'. संपादिका म्हणतात, कोरड्यास म्हणजे सुकी भाजी. आमच्या वाळव्याकडं आमटीलाही कोरड्यासच म्हणतात. काय लिहू?

माणदेशी: कोरडी असते ती भाकरी! त्या कोरड्याला लावून खायचं ते कोरड्यास. 'घरास', 'रामास' यांत जो 'स' आहे तोच हा. दहिवडीकडं बाजरीची भाकरी, ती नुसती घशाखाली उतरत नाही. शब्द तिथूनच आला.

शब्दवेडा: प्रत्यय असेल तर 'कोरड्यासात मीठ कमी पडलंय' कसं म्हणतो आपण? 'घरासात' म्हणतो का कुणी? हे सरळ नाम आहे.

माणदेशी: आधी प्रत्यय होता, बोलून बोलून नाम झालं. त्यात अडचण काय?

सदाशिव: बोलीत गोड वाटतं, पण पुस्तक नागपूरला आणि नाशिकलाही वाचलं जाणार. 'तोंडीलावणं' हा सगळ्यांना कळणारा शब्द असताना तालुक्यापुरता शब्द कशाला?

जतची लेक: तोंडीलावणं वेगळं. चटणी, लोणचं, पापड. ते नसलं तरी जेवण होतं, कोरड्यास नसेल तर होत नाही. सासूबाई रोज विचारायच्या, "कोरड्यास काय करू गं?" उत्तर वांगं असो, झुणका असो, नाहीतर म्हाद्या. आमच्या शेजारच्या कानडी घरांत यातल्या भाजीला 'पल्या' म्हणतात. आणि सदाशिवराव, छापलंच नाही तर नागपूरकरांना शब्द कळणार कधी?

वाईकर: मूळ प्रश्नाला उत्तर आपल्या ताटातच आहे. डावी बाजू! मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडं वाढतात.

कृष्णाकाठ: पण कुस्करलेला बटाटा उजवीकडं जाईल ना, भाजीच्या जागी?

शब्दवेडा: जतच्या ताई, म्हाद्या कसा करता? आमच्याकडं कुणी करत नाही आता.

जतची लेक: दाणे भाजून जाडसर कूट. कांदा-लसूण तेलात परतायचा, तिखट-मीठ, बेताचं पाणी, मग कूट घालून घट्ट होऊ द्यायचं. कूट बारीक केलं की सगळं पिठाळ होतं.

सदाशिव: मग ठेचा कशात मोडतो?

माणदेशी: ठेचा नव्हे, खर्डा. खलबत्त्यात ठेचतात तो ठेचा. आम्ही मिरच्या-लसूण तेलावर तव्यात भाजून तिथंच तांब्याच्या बुडानं रगडतो. तवा खरडून निघतो म्हणून खर्डा.

वाईकर: व्युत्पत्ती ओढून आणलेली वाटते. आमच्याकडं पाट्यावर वाटला तरी खर्डाच म्हणतात, आणि त्यात दाणे असतातच.

माणदेशी: दाणे घातले की मिरचीचा जोर जातो. दाण्यांची चटणी म्हणा त्याला.

कृष्णाकाठ: शीर्षक उद्या कळवायचं आहे. 'कोरड्यास' ठेवू का?

वाईकर: माणदेशी, मिरची लवंगी असेल तर दाण्यांशिवाय खाऊन दाखवा. पोपटी मिरचीवर जोराच्या गोष्टी करू नका.

जतची लेक: दाणे घाला, पण भरडच. आणि मीठ मिरच्या तव्यात असतानाच टाका.