मदत हवी आहे: कांद्याच्या मुळात मायटोसिस दिसतच नाही

एफवाय बीएस्सीला आहे. सोमवारी प्रॅक्टिकलची परीक्षा आणि माझ्या स्लाईडवर अजून एकही विभाजन होणारी पेशी सापडलेली नाही. तीनदा करून झालं.

कांदा ग्लासवर, बूड पाण्याला टेकेल असा ठेवला. तिसऱ्या दिवशी मुळं बोटाच्या पेराएवढी झाली. सकाळी नऊला कापून तीन भाग अल्कोहोल, एक भाग ग्लेशियल ॲसेटिक ॲसिडमध्ये दिवसभर ठेवली. मग १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये ६० अंशांना दहा मिनिटं, धुऊन ॲसिटोकार्मिनचा रंग, जरा शेक, कव्हरस्लिप, वर ब्लॉटिंग पेपर आणि अंगठ्याने दाब. पेशी छान दिसतात, विटा रचल्यासारख्या लांबट, प्रत्येकीत एक गुलाबी ठिपका. क्रोमोसोम (गुणसूत्रं) नावालाही नाहीत! मैत्रिणीने त्याच पिशवीतला कांदा घेतला, तिला पहिल्याच स्लाईडला मेटाफेज, म्हणजे विभाजनाचा मधला टप्पा. ॲसिड जास्त झालं का?

प्रतिसाद १
ॲसिड ठीक आहे, पेशी एकमेकींपासून सुटाव्यात म्हणून ते लागतंच. कांद्यालाही बोल लावू नकोस, मुळं फुटलीत म्हणजे तो जिवंत आहे. गोम तुझ्या 'लांबट' या शब्दात आहे. विभाजन चालतं तिथल्या पेशी लहान, चौकोनी असतात आणि केंद्रक पेशीचा बराचसा भाग व्यापतं. तू मुळाचा वरचा, लांबी वाढणारा भाग दाबते आहेस. तुकडा कुठला घेतेस?

धागाकर्ती
टोकाच्या वरचा, अर्धा सेंटिमीटर. टोक ॲसिडनंतर फार लिबलिबीत झालं, सुईला चिकटत होतं, म्हणून टाकून दिलं…

प्रतिसाद १
अगं, तेच तर हवं होतं! टोकाचा एक-दोन मिलिमीटर भाग, रंग दिल्यावर सगळ्यात गडद दिसतो तो. बाकीचं ब्लेडने उडव, जाड तुकड्यावर कव्हरस्लिप बसत नाही. दाबताना अंगठा सरकू देऊ नकोस, पेशींची वळकटी होते.

आणि टोक घेतलंस तरी बहुतेक पेशी इंटरफेजमध्येच, म्हणजे दोन विभाजनांच्या मधल्या काळातच दिसतील, घाबरू नकोस. ॲसेटिक-अल्कोहोलमध्ये मूळ पडलं की पेशी ज्या टप्प्यावर असतील तिथेच थिजतात. ज्या टप्प्याला वेळ जास्त लागतो, त्यातल्या पेशी जास्त सापडतात. तोंडी परीक्षेत हे हमखास विचारतात, कृती पाठ करणारे इथेच अडकतात.

धागाकर्ती
दिसलं!! २०० पेशी मोजल्या, विभाजनाच्या टप्प्यांत एवढ्या: ९ प्रोफेज, २ मेटाफेज, १ ॲनाफेज, २ टेलोफेज. म्हणजे मायटोटिक इंडेक्स (विभाजन होणाऱ्या पेशींचं प्रमाण) ७ टक्के ना? एका मेटाफेजमधले १६ क्रोमोसोम मोजायला गेले, अकराच्या पुढे नुसता गुंता.

प्रतिसाद २
७ बरोबर. १६ सुटे दिसायला मुळांना आधी कोल्चिसिन हे रसायन द्यावं लागतं. त्याने स्पिंडल (क्रोमोसोम ओढणारे धागे) बनत नाही, क्रोमोसोम पसरतात. परीक्षेला ती उठाठेव नको. मायक्रोस्कोपचा पॉइंटर ॲनाफेजवर लाव आणि सर येईपर्यंत स्लाईडला हात लावू नकोस.