‘मृत्युंजय’ वाचताना तुम्ही कुठे थांबलात? (अनुभव धागा)

गेल्या आठवड्यात माझ्या भाचीने ‘मृत्युंजय’ वाचून संपवली आणि रात्री साडेअकराला फोन केला. "आत्या, इंद्र देवांचा राजा ना? मग तो ब्राह्मणाचं सोंग घेऊन मागायला का येतो? सरळ हिसकावून का नाही घेत?" मी तीनदा वाचली आहे ही कादंबरी, पण मला पटकन उत्तर देता आलं नाही.

शिवाजी सावंतांनी ती १९६७ साली आपल्या हाती दिली. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि शेवटी श्रीकृष्ण, अशा सहा जणांच्या तोंडून सांगितलेली. कित्येक घरांत तीन पिढ्यांनी वाचली असेल. म्हणून हा धागा. ‘अप्रतिम आहे’ एवढंच लिहू नका. कुठल्या पानावर थांबलात, तेव्हा कुठे होतात, आणि देवांबद्दल, सत्तेबद्दल मनात काय आलं, ते लिहा.

माझं आधी सांगते. मी थांबले ती कवचकुंडलांपाशीच. सूर्य येऊन कर्णाला सावध करतो, देऊ नकोस म्हणतो. मग इंद्र येतो आणि मागतो. एक कर्णाचा बाप, दुसरा अर्जुनाचा. दुसऱ्या दिवशी भाचीला म्हटलं, "अगं, तो देव म्हणून आलाच नाही, बाप म्हणून आला." ती गप्प झाली, मग म्हणाली, "मग सूर्यही बापच की. त्याने नुसतं सांगितलं. आडवा का नाही आला?" तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय.

परळहून

ताई, माझे वडील, म्हणजे दादा, गिरणीत होते, साच्यावर, म्हणजे मागावर. शिक्षण सातवीपर्यंत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि काही महिन्यांतच घरात बसून माणसं खचायला लागली. दादांनी मंडळाच्या वाचनालयातून ‘मृत्युंजय’ आणली आणि संध्याकाळी चाळीच्या गॅलरीत मोठ्याने वाचायला सुरुवात केली. आधी तिघेचौघे, मग जिन्यापर्यंत माणसं. मी तेव्हा शाळेत होतो, कंदील धरायचं काम माझं, कारण गॅलरीतला दिवा मिणमिणता होता.

रंगमंडपात कृपाचार्य कर्णाला त्याचं कुळ विचारतात, त्या पानावर आमच्या मजल्यावरचे एक बदली कामगार म्हणाले, "परत वाच." दादांनी परत वाचलं. त्यांनी तिसऱ्यांदा वाचायला लावलं. कोणीच काही बोललं नाही.

पुढे दुर्योधन अंगदेश देतो, तिथे मात्र रात्री एकपर्यंत वाद. निम्मे म्हणत, त्याने माणूस विकत घेतला. दादा म्हणत, "भर मैदानात सगळे हसत होते, तेव्हा उठून उभा राहिला तो एकटाच. बाकीचा हिशोब नंतर." दादांची गिरणी पुन्हा चालू झालीच नाही. आजही कोणी सत्तेबद्दल बोललं की मला ती गॅलरी दिसते.

विरारहून

लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसून वाचत होतो. नालासोपारा कधी गेलं कळलं नाही, विरारला उतरलो आणि बाकावर बसून कुंतीचा भाग पुरा केला. मग उलटी गाडी पकडली. त्या रात्री आईला काहीच कारण नसताना फोन केला.

मुलुंडहून

मी संस्कृत शिकवायचे. मला ही कादंबरी आवडते, आणि म्हणूनच तिचा रागही येतो. व्यासांच्या सभापर्वात द्रौपदीला ‘बंधकी’, म्हणजे वेश्या, म्हणणारा कर्णच आहे. दुःशासनाला तिची वस्त्रं काढायला सांगणाराही तोच. माझ्या विद्यार्थ्यांना हे सांगितलं की ते हिरमुसायचे, काही तर भांडायचे.

एक नेहमी सांगितलं जातं, की स्वयंवरात तिने सूतपुत्र म्हणून नाकारलं, त्याचा तो सूड. पण भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून पाहून ठरवलेली संहिता, १९६६ साली पूर्ण झाली, त्या संहितेत हा नकार घेतलेलाच नाही, तो तळटीपेत गेला आहे. म्हणजे सबबसुद्धा मागाहून आलेली. ज्याला भर सभेत जात विचारली गेली होती, त्याला सत्तेच्या बाजूला बसायला मिळालं तेव्हा तो भर सभेत एका बाईशी असा वागला. मी दर वेळी थांबते ती इथे. कर्णावर प्रेम करा, पण हे पान उलटून पुढे जाऊ नका.

परळहून, पुन्हा

बाई, तुमचं वाचून आठवलं. दादा त्या प्रसंगाशी आले आणि पुस्तक मिटलं. गॅलरीत बायका बसल्या होत्या. माझी आई तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "वाचा की. आम्हाला काय ठाऊक नाही?" दादांनी वाचलं. आवाज मात्र खाली गेला होता.

कुर्ल्याहून

आमची प्रत २६ जुलै २००५ ची आहे, म्हणजे त्या पुरातून वाचलेली. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला त्या दिवशी, आम्ही तळमजल्यावर, पाणी कपाटाच्या दुसऱ्या फळीपर्यंत. सासूबाईंनी आधी रेशनकार्ड उचललं आणि मग हे पुस्तक. वर्तमानपत्राचे कागद घालून पंख्याखाली आठवडाभर वाळवलं. ते फुगून दुप्पट झालं, कडेला चिखलाची तपकिरी रेघ राहिली आणि शेवटाकडची काही पानं एकमेकांना चिकटली ती चिकटलीच.

सासूबाईंना गोष्ट पाठ होती. चिकटलेल्या पानांशी आलं की त्या तोंडी सांगायच्या. इंद्राने कवचकुंडलांच्या बदल्यात दिलेली शक्ती एकदाच चालणारी, अर्जुनासाठी राखलेली, आणि ती खर्च होते घटोत्कचावर. महाभारतात तेव्हा श्रीकृष्णाला आनंद होतो, का, तर अर्जुन वाचला. इथे सासूबाई थांबायच्या आणि विचारायच्या, "आणि हिडिंबेला कोणी कळवलं गं?"

त्या आता नाहीत. मागच्या महिन्यात माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुनी पण कोरडी प्रत मिळाली, ती घेतली. बाकी सगळी वाचून झाली. तेवढी पानं अजून उघडली नाहीत.